मॅकलारेन एफ१ जीटीआर

मॅकलारेन एफ१ जीटीआर ही इंग्लंडमधील मॅकलारेन कार्स या कंपनीने तयार केलेली शर्यतीची मोटार आहे. सार्वजनिक रस्त्यांवर चालवण्यासाठी बनवलेल्या मॅकलारेन एफ१ या सुपरकारमध्ये मर्यादित बदल करून १९९५ मध्ये ही गाडी सिद्ध करण्यात आली. फेब्रुवारी १९९५ मध्ये स्पेनमधील हेरेस येथे तिने शर्यतीत पदार्पण केले आणि पहिलीच शर्यत जिंकली. त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीतही तिने पहिल्याच प्रयत्नात विजेतेपद मिळवले. १९९५ ते १९९७ या काळात अशा एकूण २८ गाड्या बांधण्यात आल्या.

मूळ गाडीची रचना करणारे अभियंते गॉर्डन मरे यांनी ती शर्यतीसाठी आखली नव्हती. आधी रस्त्यासाठी बनलेली आणि नंतर शर्यतीत उतरलेली गाडी म्हणून एफ१ जीटीआरला मोटार शर्यतींच्या इतिहासात वेगळे स्थान आहे. तिच्या यशानंतर प्रतिस्पर्धी कंपन्यांनी नेमका उलटा मार्ग धरला. त्यांनी आधी शर्यतीची गाडी बनवली आणि नियमांची पूर्तता करण्यापुरती तिची रस्त्यावरील आवृत्ती काढली.

मूळ गाडीच्या नावातील ‘एफ१’ या अक्षरांमुळे तिची गल्लत फॉर्म्युला वन शर्यतींतील मोटारींशी होऊ शकते. मॅकलारेनचा संघ फॉर्म्युला वनमध्येही भाग घेतो. परंतु मॅकलारेन एफ१ ही बंद छताची, तीन आसनांची, रस्त्यावर चालणारी मोटार आहे.

पार्श्वभूमी

मॅकलारेन संघाची स्थापना न्यूझीलंडचे चालक ब्रूस मॅकलारेन यांनी १९६३ मध्ये केली. ब्रूस मॅकलारेन यांनी स्वतः १९६६ ची ल माँ शर्यत क्रिस एमन यांच्यासोबत जिंकली होती. मात्र ती फोर्डच्या गाडीतून. १९७० मध्ये गाडीची चाचणी घेताना झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. पुढील काळात संघाने फॉर्म्युला वनमध्ये अनेक विजेतेपदे मिळवली. १९८१ मध्ये जॉन बर्नार्ड यांनी आखलेल्या मॅकलारेन एमपी४/१ या गाडीने कार्बन तंतूपासून बनवलेला एकसंध सांगाडा फॉर्म्युला वनमध्ये प्रथम आणला. हा अनुभव पुढे रस्त्यावरील गाडीसाठी उपयोगी पडला.

१९८८ च्या हंगामात मॅकलारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. हुकलेली एकमेव शर्यत इटालियन ग्रां प्री ही होती. त्या शर्यतीनंतर मिलानच्या लिनाते विमानतळावर विमानाला उशीर झाला असता संघप्रमुख रॉन डेनिस, भागीदार मन्सूर ओजेह, क्रेटन ब्राउन आणि गॉर्डन मरे यांच्यात रस्त्यावरील मोटार बनवण्याविषयी चर्चा झाली. या प्रकल्पाची सुरुवात तेथून झाली असे मानले जाते.

दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे जन्मलेले मरे त्यापूर्वी ब्रॅबम या फॉर्म्युला वन संघाचे रचनाकार होते. १९७८ ची पंख्यावर चालणारी वायुगतिकी असलेली ब्रॅबम बीटी४६बी आणि १९८३ मध्ये नेल्सन पिके यांना जगज्जेतेपद मिळवून देणारी ब्रॅबम बीटी५२ या त्यांच्याच रचना होत. गाडीचे वजन कमी ठेवणे हे त्यांच्या कामाचे मुख्य सूत्र होते. नव्या गाडीच्या बाह्यरूपाचे काम पीटर स्टीव्हन्स यांनी पाहिले. मॅकलारेन एफ१ चे अनावरण २८ मे १९९२ रोजी मोनॅको येथे झाले.

मूळ गाडीची वैशिष्ट्ये

मॅकलारेन एफ१ ही संपूर्ण कार्बन तंतूच्या एकसंध सांगाड्यावर उभी असलेली आणि विक्रीसाठी उत्पादित झालेली पहिली मोटार ठरली. हा सांगाडा पोलादी सांगाड्यापेक्षा हलका असूनही अधिक ताठ असतो. वळणावर सांगाडा पिळला गेला नाही तर चाकांची जुळणी आखल्याप्रमाणे राहते आणि गाडीचे वर्तन चालकाला अचूक समजते.

चालकाचे आसन गाडीच्या मध्यरेषेवर असून त्याच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे प्रवाशांची दोन आसने आहेत. चालक मध्यभागी असल्याने दोन्ही बाजूंचे दृश्य सारखे मिळते आणि वजनाची विभागणी समतोल राहते. मात्र आसनापर्यंत पोहोचण्यासाठी बाजूचा भाग ओलांडून जावे लागते.

इंजिनासाठी मरे यांनी प्रथम होंडा कंपनीशी संपर्क साधला होता. होंडाची एनएसएक्स ही मोटार त्यांच्या पसंतीची होती. परंतु होंडाकडून इंजिन मिळू शकले नाही. त्यानंतर बीएमडब्ल्यू कंपनीच्या शर्यत विभागातील पॉल रोशे यांनी हे काम स्वीकारले. ब्रॅबम बीटी५२ चे इंजिनही रोशे यांनीच विकसित केलेले असल्यामुळे दोघांना एकमेकांच्या कामाची ओळख होती. रोशे यांनी एफ१ साठी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात मांडलेल्या १२ सिलिंडरांचे, ६,०६४ घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन घडवले. मरे यांनी ५५० अश्वशक्ती आणि २५० किलोग्रॅम वजनाची अपेक्षा ठेवली होती. प्रत्यक्ष इंजिनाचे वजन २६६ किलोग्रॅम झाले, परंतु त्याची शक्ती ६२७ अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. इंजिनाची उष्णता परावर्तित करण्यासाठी त्याच्या कप्प्याला आतून सोन्याचा पातळ वर्ख लावण्यात आला.

या इंजिनात टर्बोचार्जर नाही. सुकाणू आणि ब्रेक यांना यांत्रिक साहाय्य नाही. चाके घसरू नयेत किंवा ब्रेक लावताना अडकू नयेत यासाठीची इलेक्ट्रॉनिक नियंत्रणेही नाहीत. गाडीचे वजन १,१३८ किलोग्रॅम आहे. ३१ मार्च १९९८ रोजी जर्मनीतील एरा-लेसियन येथील चाचणी मार्गावर अँडी वॉलेस यांनी या गाडीच्या पाचव्या नमुन्यातून ताशी ३८६.४ किलोमीटर इतका सरासरी वेग नोंदवला. त्या वेळी उत्पादित मोटारीसाठी हा विक्रम होता.

शर्यतीत उतरण्याचा निर्णय

लांब पल्ल्याच्या शर्यतींची जागतिक स्पर्धा १९९२ च्या हंगामानंतर बंद पडली. तेव्हाच्या ‘ग्रूप सी’ वर्गातील गाड्या निव्वळ शर्यतीसाठी बांधल्या जात आणि त्यांचा खर्च मोठ्या कंपन्यांनाही परवडेनासा झाला होता. ही पोकळी भरून काढण्यासाठी युर्गन बार्थ, पॅट्रिक पीटर आणि स्टेफान राटेल यांनी १९९४ मध्ये रस्त्यावरील वेगवान मोटारींवर आधारित गाड्यांची मालिका सुरू केली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती ‘बीपीआर’ मालिका म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्यातील बहुतेक शर्यती चार तासांच्या असत. खासगी संघ, स्वतः गाडी चालवणारे धनिक मालक आणि त्यांच्या जोडीला व्यावसायिक चालक असे तिचे स्वरूप होते.

या मालिकेत फेरारी एफ४० आणि पोर्शे ९११ यांसारख्या गाड्या धावत होत्या. ब्रिटिश चालक व उद्योजक रे बेल्म आणि जर्मन बँकर टोमास बशर यांनी मॅकलारेन एफ१ ची शर्यतीसाठीची आवृत्ती बनवावी, असा आग्रह कंपनीकडे धरला. गॉर्डन मरे प्रथम अनुकूल नव्हते. शर्यतीची गाडी बनवायची असती तर तिची रचना मुळापासून वेगळी केली असती, कारण रस्त्यावरील गाडीत प्रवाशांची आसने, सामानाची जागा आणि सोयी यांसाठी तडजोडी कराव्या लागतात. दुसरीकडे, १९९० च्या दशकाच्या प्रारंभीच्या मंदीमुळे मूळ गाडीची विक्री अपेक्षेपेक्षा कमी होती आणि गाड्यांसाठी आगाऊ मागणी नोंदवणारे ग्राहक समोर होते. अखेर कंपनीने शर्यतीची आवृत्ती बनवून ती खासगी संघांना विकण्याचे मान्य केले. १९९५ च्या हंगामासाठी नऊ गाड्या बांधण्यात आल्या. मॅकलारेनने स्वतःचा कारखाना संघ मैदानात उतरवला नाही.

शर्यतीसाठी केलेले बदल

१९९५ च्या जीटीआरमधील बदल मूळ गाडीच्या तुलनेत थोडे होते. सांगाडा, मध्यवर्ती आसन, इंजिनाची मूळ रचना आणि सहा गिअरची हाताने चालवायची पेटी कायम राहिली. मुख्य बदल पुढीलप्रमाणे होते.

अंतर्भाग: प्रवाशांच्या सोयीच्या वस्तू काढून टाकण्यात आल्या. गाडी उलटल्यास चालकाचे संरक्षण व्हावे यासाठी आत धातूच्या नळ्यांचा सुरक्षा-पिंजरा बसवण्यात आला. गाडीचे वजन सुमारे १,०५० किलोग्रॅमपर्यंत खाली आले.

थंडाव्याची सोय: रस्त्यावर इंजिन पूर्ण शक्तीने क्वचितच चालते, शर्यतीत ते तासन्‌तास तसे चालते. त्यामुळे गाडीच्या नाकाडावर मोठी छिद्रे पाडण्यात आली. दोन्ही बाजूंना सामान ठेवण्यासाठी असलेल्या कप्प्यांच्या जागी हवा आत घेणारे मार्ग काढण्यात आले.

ब्रेक: मूळ गाडीच्या धातूच्या तबकड्यांऐवजी कार्बनच्या तबकड्या बसवण्यात आल्या. त्या हलक्या असतात आणि अतिशय तापल्यावरही त्यांची पकड टिकते. मात्र थंड असताना त्यांचा परिणाम कमी असतो, त्यामुळे त्यांचे तापमान राखणे हे चालकाचे कौशल्य ठरते.

वायुगतिकी: मागील भागावर कमी-जास्त करता येणारा मोठा स्थिर पंख बसवण्यात आला. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. शर्यतीच्या गाडीवरील पंख त्याच तत्त्वाने गाडीला खाली दाबतो. त्यामुळे टायरांची रस्त्यावरील पकड वाढते आणि वळण अधिक वेगाने घेता येते. याची किंमत सरळ मार्गावरील हवेच्या वाढीव विरोधाने चुकवावी लागते.

इंजिन: नियमांनुसार इंजिनात हवा जाण्याच्या मार्गावर ठरावीक व्यासाचे अरुंद तोंड बसवणे बंधनकारक होते. इंजिनाला मिळणारी हवा मर्यादित झाली की जाळता येणारे इंधन आणि पर्यायाने शक्तीही मर्यादित होते. या बंधनामुळे जीटीआरची शक्ती सुमारे ६०० अश्वशक्ती राहिली.

म्हणजेच शर्यतीची गाडी तिच्या रस्त्यावरील मूळ आवृत्तीपेक्षा कमी शक्तिशाली होती. तरीही कमी वजनामुळे हे नुकसान भरून निघाले. मूळ गाडीत दर किलोग्रॅममागे सुमारे ०.५५ अश्वशक्ती, तर जीटीआरमध्ये सुमारे ०.५७ अश्वशक्ती पडते. सुधारलेली पकड आणि ब्रेक यांची त्यात भर पडल्याने जीटीआर शर्यतपथावर अधिक वेगवान ठरली.

पदार्पण

१९९५ च्या बीपीआर मालिकेची पहिली शर्यत फेब्रुवारीत हेरेस येथे झाली. चार तासांच्या या शर्यतीत रे बेल्म आणि ब्राझीलचे माउरिझियो सांद्रो साला यांनी जीटीआरमधून विजय मिळवला. गाडी बनवण्याचा आग्रह धरणाऱ्या ग्राहकानेच तिचा पहिला विजय नोंदवला.

हंगामातील १२ शर्यतींपैकी १० शर्यती जीटीआरने जिंकल्या. चालकांचे विजेतेपद टोमास बशर आणि डेन्मार्कचे जॉन निल्सन यांना मिळाले. १९९६ मध्ये हेच विजेतेपद रे बेल्म आणि जेम्स वीव्हर यांनी पटकावले. अशा प्रकारे गाडीसाठी आग्रह धरणारे दोघेही ग्राहक तिच्यातून विजेते झाले. बशर पुढे बुगाटी या मोटार कंपनीचे प्रमुख झाले.

ल माँ १९९५

ल माँची शर्यत अंशतः सार्वजनिक रस्त्यांचा वापर करणाऱ्या सुमारे १३.६ किलोमीटर लांबीच्या मार्गावर होते. २४ तासांत सर्वाधिक अंतर कापणारी गाडी विजेती ठरते. एका गाडीचे तीन चालक आळीपाळीने ती चालवतात. चार तासांच्या शर्यतींत सिद्ध झालेली गाडी चोवीस तास टिकेल का, हा जीटीआरपुढील खरा प्रश्न होता. विशेषतः गिअरपेटी आणि क्लच हे भाग मुळात रस्त्यावरील वापरासाठी आखलेले होते.

१७ व १८ जून १९९५ रोजी झालेल्या शर्यतीत सात जीटीआर उतरल्या. जीटी गाड्यांच्या वर्गात फेरारी एफ४०, पोर्शे ९११, निस्सान स्कायलाइन, टोयोटा सुप्रा आणि होंडा एनएसएक्स यांच्याशी त्यांची स्पर्धा होती. त्याशिवाय केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या उघड्या छताच्या प्रोटोटाइप गाड्याही मैदानात होत्या. सरावात या गाड्या अधिक वेगवान होत्या आणि एकूण विजेतेपदासाठी त्यांनाच पसंती होती.

शर्यतीचा बराच मोठा भाग पावसात पार पडला. ओल्या मार्गावर शक्तीपेक्षा पकड आणि गाडीची वागणूक यांना महत्त्व येते. पावसामुळे सर्वांचाच वेग घटला आणि यांत्रिक भागांवरील ताणही कमी झाला. याचा फायदा जीटीआरला मिळाला असे मानले जाते.

अँडी वॉलेस, डेरेक बेल आणि त्यांचा मुलगा जस्टिन बेल यांची पिवळ्या-हिरव्या रंगांची गाडी बराच वेळ आघाडीवर होती. डेरेक बेल यांनी त्यापूर्वी ल माँ पाच वेळा जिंकली होती. शेवटच्या काही तासांत क्लच व गिअर यांच्या अडचणींमुळे ही गाडी मागे पडली. त्यानंतर ५९ क्रमांकाची गाडी पुढे गेली आणि शेवटपर्यंत आघाडीवर राहिली. तिचे चालक फिनलंडचे जे. जे. लेहतो, फ्रान्सचे यानिक दाल्मास आणि जपानचे मासानोरी सेकिया हे होते. रात्रीच्या पावसात लेहतो यांनी राखलेला वेग या विजयात निर्णायक मानला जातो. सेकिया हे ल माँ जिंकणारे पहिले जपानी चालक ठरले.

विजेती गाडी ‘०१आर’ या सांगाडा क्रमांकाची होती. ही मालिकेतील पहिली जीटीआर असून मॅकलारेनने ती चाचण्यांसाठी वापरली होती. कोकुसाई काइहात्सू रेसिंग या नावाने उतरलेल्या संघाचे काम ब्रिटनमधील लॅन्झांटे या छोट्या संघाने पाहिले. गाडीने २९८ फेऱ्यांत सुमारे ४,०५५ किलोमीटर अंतर कापले. इंधन भरणे, टायर बदलणे आणि चालक बदलणे यांसाठी लागलेला वेळ धरूनही हा सरासरी वेग ताशी सुमारे १६९ किलोमीटर होतो.

दुसरा क्रमांक बॉब वोलेक, एरिक एलारी आणि ५५ वर्षांचे मारिओ आंद्रेत्ती यांच्या कुराज सी३४ या प्रोटोटाइप गाडीला मिळाला. तिसरा, चौथा आणि पाचवा क्रमांक जीटीआरनेच पटकावला. सातपैकी पाच जीटीआरनी शर्यत पूर्ण केली. दुय्यम जीटी वर्गात होंडा एनएसएक्स विजयी झाली. मरे यांना मूळ गाडी आखताना आदर्श वाटलेली गाडी आणि त्यांची स्वतःची गाडी यांनी एकाच दिवशी आपापले वर्ग जिंकले.

या विजयामुळे मोनॅको ग्रां प्री, अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० आणि ल माँ या तिन्ही शर्यती जिंकणारा संघ म्हणून मॅकलारेनचे नाव घेतले जाऊ लागले. मोटार शर्यतींच्या परिभाषेत या तीन शर्यतींच्या विजयांना ‘तिहेरी मुकुट’ म्हटले जाते.

१९९६ ची आवृत्ती

१९९६ साठी आणखी नऊ गाड्या बांधण्यात आल्या. वायुगतिकी सुधारण्यासाठी त्यांचे पुढचे व मागचे आवरण लांबवण्यात आले. गिअरपेटीच्या आवरणासाठी मॅग्नेशियम वापरण्यात आले. गाडीचे वजन ३८ किलोग्रॅमने घटून १,०१२ किलोग्रॅम झाले. जपानमधील जीटी स्पर्धेत डेव्हिड ब्रॅबम आणि जॉन निल्सन यांनी या गाडीतून १९९६ चे विजेतेपद मिळवले.

त्याच वर्षी पोर्शेने ९११ जीटी१ ही गाडी आणली. नाव आणि पुढील भाग रस्त्यावरील ९११ चा असला, तरी तिचे इंजिन मागच्या चाकांच्या पुढे होते आणि मागील रचना पोर्शेच्या जुन्या ९६२ या शर्यतीच्या गाडीवर आधारलेली होती. १९९६ च्या ल माँ शर्यतीत या गाड्यांना दुसरा व तिसरा क्रमांक मिळाला. सर्वांत पुढे असलेली जीटीआर चौथी आली. हंगामाच्या उत्तरार्धात ९११ जीटी१ ने बीपीआर मालिकेतील शर्यतीही जिंकल्या.

१९९७ ची ‘लाँगटेल’ आवृत्ती

बीपीआर मालिकेची जागा १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या एफआयए जीटी स्पर्धेने घेतली. नव्या स्पर्धकांना तोंड देण्यासाठी जीटीआरमध्ये मोठे बदल करण्यात आले. शेपटाकडील भाग बराच लांबवल्यामुळे ही आवृत्ती ‘लाँगटेल’ म्हणजे लांब शेपटीची म्हणून ओळखली जाते. इंजिनाची क्षमता ५,९९० घन सेंटिमीटर करण्यात आली. जुन्या गिअरपेटीऐवजी क्रमाने गिअर बदलणारी शर्यतीची पेटी बसवण्यात आली. ही आवृत्ती १९९५ च्या गाडीपेक्षा शंभर किलोग्रॅमहून अधिक हलकी होती. अशा दहा गाड्या तयार झाल्या.

आवरणाचा आकार मूळ गाडीपेक्षा इतका वेगळा होता की नियमांनुसार त्या आकाराची रस्त्यावरील गाडीही दाखवणे आवश्यक ठरले. त्यासाठी मॅकलारेनने ‘एफ१ जीटी’ बनवली. रस्त्यावरून शर्यतीकडे गेलेल्या गाडीसाठी आता शर्यतीच्या गाडीवरून रस्त्यावरील गाडी बनवावी लागली.

१९९७ मध्ये बीएमडब्ल्यूच्या पाठबळाने श्निट्झर संघाने लाँगटेल गाड्या उतरवल्या. जे. जे. लेहतो आणि स्टीव्ह सोपर यांनी अनेक शर्यती जिंकल्या. परंतु विजेतेपद मर्सिडीझ सीएलके जीटीआर या नव्या गाडीच्या बर्न्ट श्नायडर यांना मिळाले. ही गाडी विकसित करताना मर्सिडीझने एक जुनी मॅकलारेन एफ१ जीटीआर विकत घेऊन तिचा चाचण्यांसाठी उपयोग केला होता.

१९९७ च्या ल माँ शर्यतीत लाँगटेल गाड्यांना एकूण दुसरा आणि तिसरा क्रमांक मिळाला. पहिला क्रमांक प्रोटोटाइप गाडीचा असल्यामुळे जीटी१ वर्गाचे विजेतेपद मॅकलारेनकडे आले. १९९८ मध्ये कारखान्याचे पाठबळ नसताना स्टीव्ह ओ’रोर्क, टिम सग्डन आणि बिल ऑबरलेन यांनी खासगी संघाच्या जीटीआरमधून ल माँ येथे चौथा क्रमांक मिळवला. ओ’रोर्क हे पिंक फ्लॉइड या प्रसिद्ध ब्रिटिश वाद्यवृंदाचे व्यवस्थापक होते.

जीटी१ वर्गाचा अस्त

जीटी वर्गाच्या नियमांमागे रस्त्यावरील गाडी आधी अस्तित्वात असावी, असा हेतू होता. मात्र अशा किमान किती गाड्या असाव्यात याचे बंधन सैल होते. पोर्शे आणि मर्सिडीझ यांनी या सैलपणाचा पुरेपूर उपयोग केला. १९९८ मध्ये आलेल्या टोयोटा जीटी-वन या गाडीच्या रस्त्यावरील केवळ दोन प्रती बनल्या.

अशा गाड्यांपुढे रस्त्यावरील मोटारीवर आधारलेल्या गाड्यांचा निभाव लागेनासा झाला. खर्च वाढल्यामुळे खासगी संघ बाहेर पडू लागले. १९९८ च्या एफआयए जीटी स्पर्धेतील सर्व शर्यती मर्सिडीझने जिंकल्या. पुढील हंगामासाठी पुरेसे स्पर्धक न उरल्यामुळे १९९९ पासून या स्पर्धेतून जीटी१ वर्ग वगळण्यात आला. ज्या वाढत्या खर्चामुळे ग्रूप सी वर्ग संपला होता, त्याच कारणाने त्याची जागा घेणारा वर्गही काही वर्षांतच संपला.

जीटीआरवर आधारित रस्त्यावरील गाड्या

एफ१ एलएम: १९९५ मध्ये ल माँ शर्यत पूर्ण करणाऱ्या पाच जीटीआरच्या सन्मानार्थ पाच गाड्या विक्रीसाठी बनवण्यात आल्या. त्यांव्यतिरिक्त एक नमुना गाडी आहे. रस्त्यावर शर्यतीचे नियम लागू नसल्याने हवा रोखणारे तोंड काढून टाकण्यात आले आणि शक्ती ६८० अश्वशक्ती झाली. वजन १,०६२ किलोग्रॅम आहे. दर किलोग्रॅममागे सुमारे ०.६४ अश्वशक्ती असलेली ही गाडी त्या बाबतीत प्रत्यक्ष शर्यत जिंकणाऱ्या जीटीआरच्या पुढे आहे.

एफ१ जीटी: लाँगटेल आवृत्तीच्या मान्यतेसाठी एक नमुना आणि त्यानंतर ग्राहकांसाठी दोन अशा एकूण तीन गाड्या बनल्या.

उत्पादन

मॅकलारेन एफ१ च्या सर्व प्रकारांच्या मिळून १०६ गाड्या बनल्या. त्यांत रस्त्यावरील मूळ प्रकाराच्या ६४, प्रारंभिक नमुने ५, जीटीआर २८, एलएम ५ व तिचा नमुना १, तसेच जीटी २ व तिचा नमुना १ यांचा समावेश आहे. जीटीआरची वर्षनिहाय संख्या १९९५ मध्ये ९, १९९६ मध्ये ९ आणि १९९७ मध्ये १० अशी आहे. याचा अर्थ, शर्यतीसाठी न आखलेल्या या मोटारीच्या एकूण प्रतींपैकी चतुर्थांशाहून अधिक प्रती शर्यतीसाठीच बनल्या.

प्रभाव

एफ१ साठी घडवलेल्या बीएमडब्ल्यू इंजिनाची पुढील आवृत्ती बीएमडब्ल्यू व्ही१२ एलएमआर या प्रोटोटाइप गाडीत वापरण्यात आली. या गाडीने १९९९ ची ल माँ शर्यत जिंकली. तिच्या तीन चालकांपैकी यानिक दाल्मास हे १९९५ च्या विजेत्या जीटीआरचेही चालक होते.

मॅकलारेनने २०१५ मध्ये, ल माँ विजयाला वीस वर्षे झाली तेव्हा, पी१ या सुपरकारची केवळ शर्यतपथावर चालणारी आवृत्ती ‘पी१ जीटीआर’ या नावाने आणली. त्याच वर्षीच्या ६७५एलटी या गाडीच्या नावातील अक्षरे ‘लाँगटेल’ची आठवण म्हणून वापरली गेली. गॉर्डन मरे यांनी पुढे स्वतःच्या कंपनीतून टी.५० ही गाडी २०२० मध्ये सादर केली. मध्यवर्ती आसन, १२ सिलिंडरांचे इंजिन आणि कमी वजन ही एफ१ ची सूत्रे तिच्यातही आहेत. मॅकलारेनचे भारतातील पहिले विक्रीकेंद्र २०२२ मध्ये मुंबईत सुरू झाले.

१९९५ ची ल माँ विजेती ०१आर ही गाडी मॅकलारेनने स्वतःच्या संग्रहात जतन केली आहे.